जिथं ऊन पोचत नाही, तिथं पोट कसं भरतं?

शाळाबाई_पूर्णाकाठ | सोमवार, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिकवते. गेल्या आठवड्यात सहावीला अन्नसाखळी घेतली. फळ्यावर नेहमीचंच काढलं: ज्वारी, नाकतोडा, बेडूक, साप, घार. वरच्या कोपऱ्यात सूर्य काढला आणि सांगितलं, की सगळ्याची सुरुवात इथून.

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "बाई, समुद्रात लई खाली अंधार असतो ना? ऊन नाही तर झाड नाही. झाड नाही तर नाकतोडा नाही. मग तिथले मासे काय खातात?"

या लेकरानं समुद्र पाहिलेला नाही. तिच्यासाठी सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर. मी म्हणाले, उद्या सांगते. त्या उद्याला आठ दिवस झाले. मोठा मासा लहान माशाला खातो हे मलाही ठाऊक आहे, पण सगळ्यात लहान जो आहे तो काय खातो? पुस्तकातलं वाक्य नको. तिला समजेल आणि खरंही असेल असं काही सांगा.

वाचनमात्र | सोमवार, रात्री ९.३०

त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. मी पण इथं बसून वाचणार.

अणुरेणू | सोमवार, रात्री १०.०५

बाई, तुमच्या विद्यार्थिनीनं जो प्रश्न विचारला तो मोठमोठ्या माणसांनाही पडला होता. एडवर्ड फोर्ब्स नावाच्या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञानं १८४३ च्या सुमारास असंच मांडलं, की साधारण ५५० मीटरच्या खाली जीवच नसावा. जितकं खोल जावं तितके जीव कमी होत गेलेले त्यानं पाहिले होते, त्यावरून हा तर्क. पुढं १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाजानं जगभर फिरून कित्येक किलोमीटर खोलवरून जाळ्यात प्राणी वर काढले आणि तो समज मोडला. जीव आहेत हे कळलं. खातात काय, हे कळायला आणखी बराच काळ गेला.

थोडक्यात उत्तर असं. सूर्यप्रकाशावर अन्न तयार होतं ते वरच्या जेमतेम २०० मीटरांत. तिथं डोळ्यांना न दिसणारी हिरवी वनस्पती प्लवकं असतात, तीच समुद्राची ज्वारी. २०० ते १००० मीटरपर्यंत अंधूक उजेड, पण त्यावर पीक येत नाही. त्याखाली कायमची रात्र. तिथली बहुतेक जनावरं वरून जे पडतं त्यावर जगतात. मेलेली प्लवकं, वरच्या जीवांची विष्ठा, टाकून दिलेली कवचं, शेंबडासारखा चिकट पदार्थ, असं सगळं एकमेकांना चिकटून पांढुरक्या कापसासारखं दिवसरात्र खाली झरत असतं. जपानी संशोधकांनी १९५३ मध्ये पाण्याखालच्या यानातून ते पाहिलं आणि त्याला 'सागरी हिम' असं नाव दिलं.

माजलगावकर | सोमवार, रात्री १०.२२

सर, बर्फ आमच्या लेकरांनी फक्त गारपिटीत पाहिलाय, आणि ती आठवण काही चांगली नाही. हिम म्हटलं की त्यांना काही कळायचं नाही. दुसरं काही सांगा.

सुमनआजी | सोमवार, रात्री १०.४०

माजलगावकर, मी सांगते. अंबाजोगाईला आमच्याकडं टँकर यायचा तेव्हाचं पाणी आठवा. चहासारखं गढूळ. तसंच ठेवलं तर रात्रभर निवळत नाही, कारण मातीचा कण इतका बारीक, की तो खाली बसतच नाही. पण तुरटीचा खडा घेऊन घागरीत चार-पाच वेळा फिरवला की थोड्या वेळात गुठळ्या धरतात आणि तळाला बसतात. सर म्हणतात ते असंच ना? बारीक कण एकेकटा असताना तरंगतो, एकमेकांना चिकटला की खाली जातो. समुद्रात तुरटीचं काम तो चिकट पदार्थ करत असेल.

अणुरेणू | सोमवार, रात्री १०.५१

आजी, याहून नेमकं मला वर्गात कधी सांगता आलेलं नाही. अगदी तेच. एकटी पेशी इतकी हलकी असते की तिला तळाशी पोचायला वर्षं लागतील आणि वाटेतच ती कुजून विरघळेल. गुठळी झाली की दिवसाला दहा-वीस मीटरांपासून काहीशे मीटरांपर्यंत खाली जाते. म्हणजे तीनेक हजार मीटरचा प्रवास काही आठवड्यांत होऊ शकतो.

फक्त एक लक्षात ठेवा. वाटेत प्रत्येक मजल्यावर कोणीतरी तोंड उघडून बसलेलं असतं. जिवाणू, कोपेपॉड नावाचे इवले जीव, जेलीफिश, सगळेच त्यातलं काढून घेतात. वर जेवढं पिकतं त्यातला शेकडा एखादा हिस्सा खोल तळापर्यंत पोचतो.

रापण_मालवण | सोमवार, रात्री ११.१५

मराठवाड्यातून समुद्राचा धागा निघालेला बघून बरं वाटलं. आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी. एक सांगतो. 'वरून पडतं आणि खालचे खातात' हे अर्धंच आहे. खालचे नुसते वाट बघत बसत नाहीत. आमच्याकडं जुनी माणसं सांगायची, काळोखाच्या रात्री जाळ्याला वेगळीच मासळी लागते, दिवसा तिचा पत्ता नसतो. ती कुठून येते? खालून वर येते.

दर्यावर्दी_लातूर | मंगळवार, सकाळी ७.०५

रापण दादांचं शंभर टक्के बरोबर. मी लातूरचा, पण नोकरी सगळी पाण्यावर. एका सर्वेक्षण जहाजावर इकोसाउंडर, म्हणजे आवाज पाठवून खोली मोजणारं यंत्र, सांभाळायचो. पहिल्या खेपेची संध्याकाळ अजून डोळ्यांपुढं आहे. अरबी समुद्रात होतो, खाली तीन हजार मीटरच्या वर पाणी. दिवसभर पडद्यावर चारेकशे मीटरवर एक जाड पट्टा दिसत होता. सूर्य कलला तसा तो पट्टा वर सरकायला लागला. एका बाजूनं ओढलेल्या सतरंजीसारखा, सावकाश, पण न थांबता. पश्चिमेला तांबडं संपून काळोख झाला तोवर तो पार वर, आमच्या जहाजाच्या पोटाखाली. मला वाटलं यंत्र बिघडलं. मुख्य अधिकाऱ्यांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "बिघाड नाही. मासळी जेवायला निघाली."

दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणाऱ्यांनाही असाच चकवा झाला होता. त्यांना समुद्राचा खोटा तळ दिसायचा, जो रात्री वर यायचा. तो तळ म्हणजे कंदील मासे, कोळंबीसारखे जीव, छोटी माकुलं (स्क्विड) यांचा थर. रोज संध्याकाळी शेकडो मीटर वर, पहाटे परत खाली. पृथ्वीवर प्राण्यांचं इतकं मोठं स्थलांतर दुसरं नाही, आणि ते दररोज होतं. दिवसा वर राहिलं तर मोठे मासे बघून टिपतात, म्हणून अंधारात चरायचं आणि उजाडायच्या आत अंधारातच परतायचं.

माजलगावकर | मंगळवार, सकाळी ७.४०

आता कळलं बघा. आमच्या बीडची माणसं दसरा झाला की बैलगाड्या, ट्रॅक्टर भरून ऊसतोडीला जातात, पट्टा पडला की गावाकडं येतात. येताना जे आणतात त्यावर गावातला दुकानदार, शिंपी, सगळे चालतात. हे मासे तेच काम रोज करायलेत. वर खायचं, खाली येऊन मुक्काम. मग खाली राहणाऱ्यांना त्याचा उपयोग काय होतो?

अणुरेणू | मंगळवार, सकाळी ८.१५

दोन प्रकारे. एक, वर खाल्लेलं ते खाली येऊन विष्ठेतून टाकतात. दोन, खाली येतात तेव्हा त्यांनाच खाणारे तिथं टपलेले असतात. म्हणजे वरचं अन्न सावकाश झरत जाण्याऐवजी पोटात भरून थेट पाचशे-सातशे मीटर खाली पोचतं. मग त्याहून खोल राहणारे वरच्या मजल्यावर येऊन यांना खातात. एकावर एक शिड्या लावल्यासारखं चालतं. आणि स्पर्म व्हेल नावाचा देवमासा उलट दिशेनं. हजार मीटरहून खोल बुडी मारून माकुलं खातो, श्वास घ्यायला वर येतो आणि विष्ठा वरच टाकतो. त्या विष्ठेत लोह असतं, त्यावर वरची प्लवकं पोसली जातात.

म्हणून बाई, 'साखळी' शब्द इथं फार पुरत नाही. 'अन्नजाळं' म्हणा. एकच जीव लहानपणी एकाचं अन्न, मोठेपणी त्याचाच शिकारी.

नाथसागर_भोई | मंगळवार, दुपारी २.३०

जाळं शब्द आला म्हणून लिहितो. पैठणला धरणात मासे धरतो. आमच्या पाण्यात पण असंच आहे. चिलापी सगळ्यांची अंडी खाते, मरळ चिलापीची पिलं खातो, आणि मरळ लहान असतो तेव्हा त्याला कोणीही खातं. बाई, त्या पोरीला एकदा धरणावर आणा. पहाटे जाळं काढताना एकेक मासा हातात देतो आणि त्याच्या पोटात काय निघतं ते कापून दाखवतो. पुस्तकापेक्षा लवकर कळेल.

शाळाबाई_पूर्णाकाठ | मंगळवार, रात्री ८.५०

दादा, नक्की आणीन. मुख्याध्यापकांशी बोलते.

तुम्ही सगळ्यांनी इतकं दिलंय, पण माझी एक अडचण आहे. शेकडा एक हिस्सा खाली पोचतो म्हणता, तेवढ्यावर भागतं कसं? दुष्काळात आम्ही छावण्या पाहिल्यात. चारा थोडा कमी पडला तरी जनावरांच्या फासळ्या दिसायला लागतात.

अणुरेणू | मंगळवार, रात्री ९.३५

फार महत्त्वाचा प्रश्न. खोल समुद्र म्हणजे कायमचा दुष्काळी तालुका समजा. तिथल्या जीवांनी शरीरच त्या बेतानं घडवलंय. पाणी दोन ते चार अंश सेल्सिअस, म्हणजे फ्रिजइतकं गार. शरीराचा सगळा कारभार संथ. पळापळ नाही. तळाच्या चिखलावर सागरी काकड्या नावाचे मऊ, लांबट प्राणी गाळ खात हळूहळू पुढं सरकतात, त्यातलं पोषण घेतात आणि उरलेला गाळ मागं टाकतात. खोल मैदानांवर डोळ्यांना दिसणाऱ्या प्राण्यांत कित्येक ठिकाणी वजनानं सगळ्यात जास्त तेच भरतात.

शिकारी असतील तर ते मिळेल तेव्हा मिळेल तेवढं गिळायच्या तयारीचे. एका माशाचं पोट इतकं ताणतं, की तो स्वतःहून मोठा मासा गिळतो. अँग्लर माशाच्या मादीच्या कपाळावर गळासारखा दांडा असतो, टोकाला चमकणारे जिवाणू. अंधारात तो ठिपका हलवत ती जागेवर थांबते. शिकार स्वतः येते.

आणि उपाशी राहण्याचं उदाहरण. जपानमध्ये तोबा इथल्या मत्स्यालयात एक महाकाय आयसोपॉड होता. आयसोपॉड म्हणजे आपल्या कुंडीखाली हात लावला की गोळी होणारा बारका राखाडी किडा असतो ना, त्याचाच खोल समुद्रातला फूटभर लांबीचा भाऊबंद. त्यानं जानेवारी २००९ मध्ये एक मासा खाल्ला आणि त्यानंतर फेब्रुवारी २०१४ मध्ये मरेपर्यंत काहीच खाल्लं नाही. पाच वर्षं.

माजलगावकर | मंगळवार, रात्री ९.५०

पाच वर्षं! आमच्या गोठ्यातल्या बैलाला हे वाचून दाखवणार नाही.

शेंद्रा_७२ | बुधवार, सकाळी ९.२०

धागा मस्त चाललाय, पण एक मुद्दा राहिला. सगळं सूर्यावरच असेल तर समुद्रतळावरच्या गरम झऱ्यांचं काय? तिथं तर सूर्याचा संबंधच नाही असं वाचलंय. बाईंच्या फळ्यावरचा सूर्य मग पुसायचा का?

अणुरेणू | बुधवार, सकाळी १०.००

याच मुद्द्याची वाट बघत होतो. १९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ सुमारे २५०० मीटर खोलीवर 'अल्विन' या यानातून भूशास्त्रज्ञ तळाच्या भेगा बघायला गेले. जीवशास्त्रज्ञ सोबत घेतलेच नव्हते, कारण तिथं काही जिवंत भेटेल असं कोणाला वाटलं नव्हतं. भेगेतून कोमट पाणी निघत होतं आणि भोवती शिंपल्यांचे ढीग, पांढऱ्या नळ्यांमधून बाहेर डोकावणारे लालबुंद तुऱ्यांचे किडे, माणसाएवढे उंच. त्या किड्यांना ना तोंड, ना आतडं. मग जेवतात कसे? १९८१ मध्ये कोलीन कॅव्हॅनॉ या तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या संशोधिकेनं मांडलं, की त्यांच्या शरीरात कोट्यवधी जिवाणू राहतात. झऱ्यातून येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडमधली, म्हणजे सडक्या अंड्याचा वास येतो त्या वायूतली, ऊर्जा वापरून ते जिवाणू अन्न बनवतात. याला रसायनसंश्लेषण म्हणतात. किडा जिवाणूंना घर आणि कच्चा माल देतो, जिवाणू त्याला जेवण.

मला वाटतं, बाईंनी सूर्य पुसू नये, पण शेजारी एक धगधगती भेग काढावी.

दर्यावर्दी_लातूर | बुधवार, दुपारी १.१०

सर, आदर ठेवून असहमत. त्या जिवाणूंना सल्फाइड जाळायला ऑक्सिजन लागतो ना? तो समुद्राच्या पाण्यात कुठून आला? वरच्या हिरव्या प्लवकांनी आणि झाडांनी सूर्यप्रकाशात सोडलेलाच. म्हणजे जेवणाचा सरपणाचा भाग जमिनीतला, पण हवेचा भाग सूर्याचाच. 'सूर्याचा संबंधच नाही' हे वाक्य चुकीचं आहे.

अणुरेणू | बुधवार, दुपारी ३.४५

मान्य. त्या तोंड नसलेल्या किड्यांच्या बाबतीत तुमचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे, आणि मी वर्गात हे पुरेसं ठासून सांगत नाही. एवढीच भर घालतो, की त्याच झऱ्यांत काही सूक्ष्मजीव हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन बनवून जगतात. त्यांना ऑक्सिजन अजिबात लागत नाही. सूर्य विझला तरी त्यांचा संसार चालू राहील. पण ते सूक्ष्मजीव. मोठ्या प्राण्यांचं ताट शेवटी सूर्याशी जोडलेलं आहे.

आपल्याकडचंही सांगतो. मध्य हिंदी महासागराच्या पर्वतरांगेत असे झरे आहेत. तिथल्या एका गोगलगायीच्या पायावर लोखंडी खवले असतात, तिचेही अन्नदाते शरीरातले जिवाणूच. चेन्नई आणि गोव्याच्या आपल्या संस्थांनी डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या एका जिवंत झऱ्याची छायाचित्रं सुमारे ४५०० मीटर खोलीवरून मिळवली.

सुमनआजी | बुधवार, रात्री ८.००

मेलेला देवमासा खाली गेला तर काय होतं? एवढं मोठं धूड!

रापण_मालवण | बुधवार, रात्री ८.४५

आजी, किनाऱ्याला लागला तर आठ दिवस गावात नाक धरून फिरावं लागतं, एवढं मी अनुभवानं सांगतो.

अणुरेणू | बुधवार, रात्री ९.३०

खोल पाण्यात बुडाला तर मात्र जत्रा भरते. १९८७ मध्ये क्रेग स्मिथ आणि सहकाऱ्यांना कॅलिफोर्नियाजवळ १२४० मीटरवर असा एक सांगाडा सापडला आणि तिथपासून हा अभ्यास सुरू झाला. आधी येतात हॅगफिश नावाचे सापासारखे लांबट मासे आणि संथ चालीचे शार्क, मांस ओरबाडून खातात. मांस संपलं की आजूबाजूच्या तेलकट चिखलात किड्यांची दाटी होते. शेवटी हाडं. हाडांत चरबी असते. ती जिवाणू कुजवतात तेव्हा तोच सडक्या अंड्याचा वायू निघतो आणि झऱ्यांवर राहणाऱ्यांसारखेच जीव तिथं वस्ती करतात, कित्येक दशकं. २००४ मध्ये तर हाडात मुळ्या रोवून राहणाऱ्या किड्याची नोंद झाली, ओसेडॅक्स. त्यालाही तोंड नाही. ४० टनांच्या एका देवमाशातून त्याच्याखालच्या जागेला जेवढा कार्बन मिळतो, तेवढा नुसत्या झरणाऱ्या कणांतून मिळायला सुमारे २००० वर्षं लागली असती.

माजलगावकर | बुधवार, रात्री १०.१०

हे वाचून गिधाडं आठवली. मी लहान असताना गावाबाहेर मेलेलं जनावर टाकायची जागा होती. बैल मेला की वडील आणि चुलते गाडीत घालून तिथं नेऊन टाकायचे. आम्ही पोरं लांबून बघायचो. आधी आभाळात एक ठिपका, मग दहा, मग तीस-चाळीस. भांडत, पंख आपटत सगळं साफ करायची. दुसऱ्या दिवशी फक्त हाडं, तीही पांढरी. नंतर एका वर्षी ठिपका आलाच नाही. बैल सडत पडला आणि गावातली कुत्री तिथं राहायला गेली. पुढं कळलं, की जनावरांच्या दुखण्यावरच्या डायक्लोफिनॅक औषधानं गिधाडं मेली. २००६ मध्ये ते जनावरांसाठी बंद झालं, पण आमच्या आभाळात ती परत आलेली मी तरी पाहिली नाहीत.

समुद्रातल्या त्या हाडं खाणाऱ्यांचं उलट झालं असणार. खाणारे आहेत, पण देवमासेच मारले.

दर्यावर्दी_लातूर | बुधवार, रात्री १०.३५

मारलेच. विसाव्या शतकात जगभर मिळून सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले. त्यांची धुडं तेलासाठी ओढून नेली, तळाला गेलीच नाहीत.

शेंद्रा_७२ | गुरुवार, सकाळी ९.००

थोडं अवांतर. मध्य हिंदी महासागरात भारताला ७५,००० चौरस किलोमीटरचं क्षेत्र धातूंच्या गोट्यांसाठी मिळालंय, २००२ चा करार आहे. बटाट्याएवढे गोटे, त्यात निकेल, कोबाल्ट, तांबं, मँगेनीज. मी विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे. हे धातू आपल्याला लागणारच आहेत. तळाशी दुष्काळी तालुकाच आहे तर थोडं काढलं तर बिघडलं काय?

अणुरेणू | गुरुवार, सकाळी ११.२०

दादा, दुष्काळी तालुक्यातच घाव लवकर भरत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तो गोटा काही मिलिमीटर वाढायला दहा लाख वर्षं लागतात, आणि सगळीकडं मऊ चिखल असताना काही जीवांना चिकटून बसायला तेवढीच एक कडक जागा असते. पेरूजवळच्या समुद्रात १९८९ मध्ये शास्त्रज्ञांनी मुद्दाम तळ नांगरून बघितला. २६ वर्षांनी परत गेले तर नांगराच्या तासा जशाच्या तशा. तुमच्या शेतात एक पावसाळा झाला की तास बुजते.

शेंद्रा_७२ | गुरुवार, दुपारी १२.०५

तासांचं माहीत नव्हतं. गरज आहे यावर मी अजून ठाम आहे, पण 'बिघडलं काय' हा शब्द मागं घेतो.

शाळाबाई_पूर्णाकाठ | गुरुवार, रात्री ९.००

आज वर्गात तुरटीपर्यंत आले. ती मुलगी परत उभी. "बाई, आपली गोदावरी पण समुद्रात जाते ना? मग आपल्या रानातली माती पण तिथं खाली जाते का? ती कोण खातं?"

अणुरेणू | गुरुवार, रात्री १०.१५

बाई, तिला सांगा की तिनं फार मोठी जागा पकडली.

गोदावरी १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं जर्मन संशोधकांसोबत त्या उपसागरात खोलवर नरसाळ्यासारखे सापळे टांगून वरून झरणारे कण गोळा केले. १९९१ मध्ये छापून आलं, की पावसाळ्यात नद्यांचं पाणी आलं की खाली पडणाऱ्या कणांचं प्रमाण वाढतं. एक कारण म्हणजे नदीची माती. मातीचा कण त्या चिकट गुठळीत अडकला की ती जड होते आणि वाटेत कोणी खाण्याआधी लवकर खाली जाते. माती स्वतः फारशी कोणी खात नाही, पण ती जेवण खाली पोचवते. गोफणीत दगड घातल्यासारखं.

नाथसागर_भोई | शुक्रवार, सकाळी ६.२०

सर, राग मानू नका. मी रोज या पाण्यात असतो. गाळ समुद्राला जात नाही, इथं बसतो. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की जिथं आम्ही पूर्वी बांबू टेकवू शकत नव्हतो तिथं आता गाळात गुडघाभर पाय जातो. शेतकरी ट्रॅक्टरनं तोच गाळ भरून रानात टाकतात. धरण झाल्यापासून आमची माती आमच्याकडंच अडलीय.

दर्यावर्दी_लातूर | शुक्रवार, सकाळी ८.००

भोई दादांचं खरं आहे. जायकवाडी १९७६ पासून, खाली तेलंगणात श्रीरामसागर. आज समुद्रापर्यंत जाणारं बरंचसं पाणी प्राणहिता, इंद्रावती, शबरी या खालच्या नद्यांचं. धरणांमुळं गोदावरीचा गाळ खूप घटला आणि मुखाजवळचा किनारा ठिकठिकाणी मागं सरकायला लागला.

अणुरेणू | शुक्रवार, सकाळी ९.१०

दोघांचंही मान्य. आजच्या मातीबद्दल मी घाईनं बोललो. पण आधीची माती तिथं आहेच. २००६ मध्ये 'जॉइडिस रिझोल्यूशन' जहाजानं गोदावरीच्या मुखासमोर तळात छिद्र पाडून गाळाचा लांबच लांब दंडगोल काढला. त्यात दख्खनच्या काळ्या दगडाची माती रासायनिक खुणांवरून ओळखता येते. आणि पानांवरचं मेणसुद्धा सापडतं. उसाच्या कांड्यावर नखानं ओरखडा काढला की पांढरं निघतं ना, तसलं मेण. गोदावरीच्या खोऱ्यातल्या गवताझाडांचं मेण पुरात वाहून गेलं, बुडालं, आणि कोणाच्याही पोटात न जाता हजारो वर्षं राहिलं. ओल्या प्रदेशातल्या झाडांचं मेण वेगळं, कोरड्या प्रदेशातल्या गवतांचं वेगळं. त्यावरून काढलं, की सुमारे ४००० वर्षांपूर्वीपासून दख्खन कोरडं होत गेलं.

त्याच भागात तळातून मिथेन झिरपतो अशा जागा आपल्या शास्त्रज्ञांना सापडल्या आहेत. तिथं शिंपले आणि किडे झऱ्यांसारखेच जिवाणूंच्या भरवशावर राहतात. म्हणजे गोदावरीच्या दारातच दोन्ही चुली आहेत, एक सूर्याची, एक जमिनीची.

माजलगावकर | शुक्रवार, सकाळी ९.४०

आपल्या दुष्काळाची वही समुद्राच्या तळाला. हे वाचून अंगावर काटा आला. आजोबांना सांगायला पाहिजे होतं.

सुमनआजी | शुक्रवार, दुपारी ४.००

बाई, वर्गात दाखवायचं असेल तर इसबगोल घ्या. काचेच्या बरणीत पाणी, त्यात चिमूटभर इसबगोल. फुगून पांढरे तुकडे लोंबकळत राहतात. दुसऱ्या बरणीत तेच, पण आधी बारीक चाळलेल्या काळ्या मातीत कालवून. कोणतं आधी बसतं ते लेकरांना मोजू द्या.

शाळाबाई_पूर्णाकाठ | शनिवार, दुपारी १.२५

आज शाळा सुटल्यावर केलं. दोन लोणच्याच्या बरण्या, घासून लख्ख. पहिलीत इसबगोलाचे तुकडे पाण्यात मध्येच अडकल्यासारखे, हळूच फिरत फिरत खाली. पोरं नाक बरणीला लावून बघत होती, काचेवर वाफ धरली. दुसरीचं पाणी आधी चहासारखं झालं आणि दोघं-तिघं म्हणाले, फसलं. मग गढुळातून काळपट गुठळ्या एकेक करून तळाला आल्या. त्या मुलीनं घड्याळ धरलं होतं. मातीचे आधी बसले, पहिल्या बरणीतले तेव्हा निम्म्या वाटेवर होते.

फळ्यावर मी सूर्य ठेवला. त्याखाली हिरवे ठिपके, मग झरणाऱ्या गुठळ्या, वर-खाली जाणारे मासे, देवमाशाची हाडं, आणि अगदी खाली कोपऱ्यात लाल खडूनं भेग. रेघा इतक्या झाल्या की फळा भरला. पोरांनीच म्हटलं, बाई, हे तर जाळं झालं.

भोई दादा, पुढच्या रविवारी बत्तीस मुलं घेऊन येते. किती वाजता पोचायचं?

नाथसागर_भोई | शनिवार, दुपारी २.१०

पाचला काठावर या ताई. उजाडायच्या आत जाळं वर काढतो. पोरांना स्वेटर घालून आणा, पाण्यावर गार वारं असतं.

वाचनमात्र | शनिवार, दुपारी २.३५

इसबगोल किती घेतलं होतं बाई? माझ्या पुतण्याला उद्या करून दाखवायचंय.

शाळाबाई_पूर्णाकाठ | शनिवार, दुपारी २.५०

लिटरभराच्या बरणीला पाव चमचा. जास्त घातलं तर सगळ्याचीच खीर होते. माती दोनदा चाळा, ओढणीतून.